कौटुंबिक न्यायालयात मोफत वकील नेमका कोणाला मिळतो? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार. प्रश्न माझ्या मामेबहिणीचा आहे. ती आठ महिन्यांपासून चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी, म्हणजे विडी घरकुलात माझ्या मामीकडे राहते. मागच्या मंगळवारी बेलिफ समन्स देऊन गेला, तेव्हा नवऱ्याने इथल्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल केल्याचे आम्हांला कळले. तारखेला अजून अठरा दिवस आहेत. अर्ज सतरा पानांचा आहे आणि त्यात बहिणीविषयी जे लिहिले आहे ते वाचून मामीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. पण तो विषय इथे नको.

विचारायचे आहे ते वकिलाविषयी. एका वकिलांनी सुरुवातीला पंचवीस हजार आणि पुढे प्रत्येक तारखेचे वेगळे, असे सांगितले. मामी आणि बहीण दोघी विड्या वळतात, विडी कामगाराचे कार्ड मामीच्या नावावर आहे, आणि त्या मजुरीत हा खर्च बसणे शक्य नाही. सरकारकडून मोफत वकील मिळतो असे ऐकून होतो म्हणून चौकशी केली, तर जितकी तोंडे तितकी उत्तरे मिळाली. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की मामीच्या नावावर घर आहे आणि मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे, तेव्हा बहीण ‘गरीब’ ठरणार नाही. दुसऱ्यांनी सांगितले की नवऱ्याचे उत्पन्न धरतात, आणि तो टॉवेलच्या कारखान्यात बऱ्या पगारावर आहे. तिसऱ्यांचा सल्ला असा की आता काहीच करू नये, तारखेला हात जोडून उभे राहिले की न्यायाधीश स्वतःच वकील नेमून देतात.

यांतले खरे काय आहे? आणखी एक अडचण अशी की आमच्या घरात तेलुगू बोलतात. बहिणीला मराठी समजते, बाजारापुरती बोलताही येते, पण मनातले सगळे ती तेलुगूतच सांगू शकते. वकील मागताना भाषेचा विचार होतो का?

माजी शिरस्तेदार

मी दिवाणी न्यायालयात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. वकील नाही, तेव्हा माझे सांगणे कार्यालयात पाहिलेल्या आणि हाताळलेल्या कागदांपुरते समजावे.

पहिले दोन्ही गृहस्थ चुकीचे सांगत आहेत. मोफत वकिलाचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ या कायद्याने दिला आहे, आणि कोण पात्र आहे हे त्याच्या कलम १२ मध्ये लिहिले आहे. त्या कलमात आठ खंड आहेत. उत्पन्नाची अट त्यांपैकी फक्त शेवटच्या खंडात आहे आणि ती त्या खंडात बसणाऱ्यांनाच लागू होते. ‘स्त्री किंवा बालक’ हा स्वतंत्र खंड आहे. तुमची बहीण स्त्री आहे, एवढ्यावर तिची पात्रता पुरी होते. तिचे उत्पन्न, मामीचे घर, भावाची नोकरी, नवऱ्याचा पगार यांतले काहीही तिथे मोजायचे नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्ती, कोठडीत असलेल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, तसेच पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले लोक, यांनाही उत्पन्नाची मर्यादा नाही. या कोणत्याच गटात न बसणाऱ्या पुरुषाला मात्र उत्पन्न दाखवावे लागते. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे आणि सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी पाच लाख.

हा गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. ‘मोफत’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे पिवळे रेशनकार्ड येते. माझ्या काळात कितीतरी बायका तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात आठ-आठ दिवस हेलपाटे घालून मग न्यायालयात येत आणि तोवर त्यांची तारीख होऊन गेलेली असे. त्या दाखल्याची त्यांना गरजच नव्हती. ज्या पुरुषाला उत्पन्न दाखवायचे आहे त्याच्यासाठीसुद्धा कलम १३ असे सांगते की, अविश्वास ठेवण्याचे कारण नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते.

जायचे कुठे, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. तालुक्याच्या ठिकाणी न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि रोजचे काम सचिव पाहतात. सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात. जाताना समन्स, सोबत आलेल्या अर्जाची प्रत, आधार कार्ड, लग्नाचा काही पुरावा आणि मुलीचा जन्मदाखला बरोबर न्यावा. अर्ज छापील मिळतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तिथले कर्मचारी लिहून घेतात. आधी फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक आहे.

आणि अर्ज मुलीच्याही नावाने करता येतो. बालक म्हणून ती स्वतः पात्र आहे.

ताणाबाणा

माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. मीही याच न्यायालयात आहे, मात्र नवरा म्हणून. माझे उत्पन्न तीन लाख चाळीस हजार आहे. वकिलाची फी, घराचे भाडे आणि आई-वडिलांचे औषध यांत ते संपते. मी अर्ज करायला गेलो तर मर्यादेपेक्षा चाळीस हजार जास्त म्हणून मला परत पाठवले. समोर माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे, तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे आणि तिला मात्र मोफत वकील मिळू शकतो. शिरस्तेदार साहेब, हा न्याय आहे का? कायदा काय म्हणतो ते तुम्ही सांगितलेत, पण तो बरोबर आहे असे म्हणावे काय?

माजी शिरस्तेदार

तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. कायदा करणाऱ्यांनी असे गृहीत धरले की घर मोडते तेव्हा पैसा, कागदपत्रे आणि ओळखी बहुधा नवऱ्याच्या हाती राहतात, आणि बाईचे उत्पन्न तपासत बसले तर जिला खरी गरज आहे तीच दाराबाहेर राहील. पगारदार बाईलाही त्याचा लाभ होतो, ही त्या सोयीची किंमत आहे. मी नोकरीत असताना पगारदार बायका या कार्यालयाकडे फारशा फिरकलेल्या पाहिल्या नाहीत. त्या आपला वकील आपण लावतात. एक गोष्ट मात्र विचारतो. तुम्ही टोपणनाव ‘ताणाबाणा’ घेतले आहे, तेव्हा तुम्ही मागावर काम करता का?

ताणाबाणा

होय, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे.

माजी शिरस्तेदार

मग तुम्ही चुकीच्या खंडातून अर्ज केलात. कलम १२ चा खंड ‘च’ औद्योगिक कामगारासाठी आहे आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा जोडलेली नाही. कारखान्याचे ओळखपत्र, ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड किंवा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांपैकी जे असेल ते जोडून ‘औद्योगिक कामगार’ म्हणून नवा अर्ज करावा. आपल्या शहरात हे कलम भिंतीवर रंगवून ठेवायला हवे, कारण यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसे उत्पन्नाच्या रकान्यात आकडा भरतात आणि परत येतात. अडचण एवढीच आहे की, पुष्कळ कारखान्यांत कामगाराच्या हाती नोकरीचा कागद म्हणून काहीच नसते, मजुरी नगावर मिळते आणि नोंद मालकाच्या वहीत राहते. तुमच्याकडे ईएसआय कार्ड असेल तर तुमचे काम सोपे आहे. जॉबरची कामे देखरेखीची असल्याने कोणी शंका काढलीच, तर तुम्ही स्वतः माग दुरुस्त करता हे स्पष्ट लिहावे. अर्ज पुन्हा नाकारला गेला तर त्या निर्णयाविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते, म्हणून नकार लेखी मागून घ्यावा. तोंडी नकारावर अपील करणार कसे?

काळा कोट

मी सोलापुरातच वकिली करतो. शिरस्तेदार साहेबांनी पात्रतेचा भाग नीट मांडला आहे, त्यामुळे मी तिसऱ्या गृहस्थांच्या सल्ल्याकडे वळतो, कारण तो सर्वांत घातक आहे.

न्यायाधीश समोर उभ्या असलेल्या माणसाला वकील नेमून देतात, हे चित्र फौजदारी न्यायालयातले आहे. आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते, म्हणून त्याला वकील नसेल तर राज्याच्या खर्चाने तो देणे ही न्यायालयाची जबाबदारी आहे. पूर्वी ते दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा ही प्रकरणे दिवाणी स्वरूपाची आहेत. तिथे वकील आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. न्यायाधीश फार तर तुम्हांला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात, आणि बहुतेक न्यायाधीश आपण होऊन तसे सुचवतातही. पण तुम्ही तारखेला गेलाच नाहीत तर सुचवणार कोणाला? प्रकरण एकतर्फी चालण्याचा हुकूम होतो, आणि नंतर तो रद्द करून घेण्यात सहा महिने जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ मध्ये नियम ९-अ असा आहे की, निर्धन म्हणून दावा चालवायची परवानगी मिळालेल्या पक्षकाराला वकील नसेल तर न्यायालय तो नेमू शकते. मात्र तो मार्ग कोर्ट फी भरू न शकणाऱ्या निर्धन वादीसाठी आहे, आणि आपल्या राज्यात घटस्फोट, पोटगी, मालमत्ता व हिंसाचार यांविषयीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफच आहे, त्यामुळे तुमच्या बहिणीला त्या वाटेने जाण्याची गरज नाही.

आता कौटुंबिक न्यायालयाची एक खोच. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते. संसार वकिलांच्या भांडणात आणखी मोडू नये आणि पक्षकाराने स्वतः बोलावे, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज वकीलपत्रासोबतच देतात आणि ती सहसा मिळते, परंतु प्राधिकरणाने दिलेल्या वकिलालाही हा अर्ज द्यावा लागतो, एवढे ध्यानात असू द्यावे. त्याच कलमात न्यायालयाला स्वतःच्या मदतीसाठी एखाद्या विधिज्ञाला ‘न्यायमित्र’ म्हणून बोलावण्याची मुभा आहे. तो न्यायमित्र न्यायालयाचा असतो, तुमच्या बहिणीचा नव्हे. त्याला आपला वकील समजून घरची सगळी हकीकत सांगत बसलेले पक्षकार मी पाहिले आहेत. विवाह समुपदेशकांचेही तसेच आहे. ते नवरा-बायकोची समजूत घालायला असतात, कोणाची बाजू मांडत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. उद्याच प्राधिकरणात अर्ज द्यावा. तारखेपर्यंत वकील नेमला गेला नाही तरी बहिणीने न्यायालयात स्वतः हजर राहावे आणि ‘विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आहे, मुदत मिळावी’ असा साधा अर्ज, प्राधिकरणाच्या पोचपावतीची प्रत जोडून द्यावा. लेखी कैफियत, म्हणजे नवऱ्याच्या अर्जाला उत्तर, देण्याची मुदत समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असते, ती न्यायालय वाढवून देऊ शकते. परंतु मोफत वकिलाचा अर्ज केला म्हणून घड्याळ थांबत नाही.

अजून एक. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली खटला चालू असेपर्यंतची पोटगी आणि खटल्याचा खर्च, दोन्ही मागता येते. मोफत वकील मिळाला म्हणून पोटगीचा हक्क कमी होत नाही, आणि हा अर्ज पहिल्याच दोन तारखांत द्यायला हवा, कारण नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत तो शक्यतो निकाली काढावा असे कायदाच म्हणतो. साठ दिवस प्रत्यक्षात किती होतात ते विचारू नका.

मंगळवेढ्याची ज्वारी

मी या सगळ्यातून गेले आहे म्हणून थोडे लिहिते. आमच्या तालुक्याला कौटुंबिक न्यायालय नाही, माझे प्रकरण दिवाणी न्यायालयात चालले आणि वकील तालुका समितीने दिला. अर्जापासून नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत नऊ दिवस गेले. एक रुपयाही लागला नाही. टंकलेखन, नकला, समन्सचा खर्च यांचे पैसेसुद्धा मागितले गेले नाहीत.

पण सगळे गोड नव्हते. पहिल्या वकिलांनी तीन तारखांपैकी दोन तारखांना कनिष्ठाला पाठवले, त्याला माझ्या मुलाचे नावही माहीत नव्हते, आणि चौथ्या तारखेच्या आधी ‘साक्षीच्या दिवशी थोडे बघावे लागेल’ असे सूचक बोलणे झाले. मी रडकुंडीला आले होते. फुकटचे आहे, बोलायचे कसे, असे वाटत होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी (हो, जाऊबाईंनीच; त्या माझ्या बाजूने होत्या) मला समितीच्या कार्यालयात नेले. तिथे सांगितले गेले की, नेमलेल्या वकिलाला त्याची फी प्राधिकरण देते, पक्षकाराकडून काहीही घ्यायला त्याला मनाई आहे आणि तक्रार असेल तर लेखी द्यावी. मी दिली. दहा दिवसांत दुसऱ्या वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्या भेटीत दीड तास बसून सगळे ऐकून घेतले आणि आधी नवऱ्याच्या पगाराची स्लिप कुठे मिळेल ते विचारले.

त्यामुळे पूर्वभागकर, बहिणीला सांगा की हा वकील कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. तारीख झाली की काय झाले ते त्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवायचे.

आणि मारहाण झाली असेल तर घटस्फोटाच्या प्रकरणापुरतेच थांबू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली महिला संरक्षण अधिकाऱ्याकडे गेले की मोफत वकील मिळवून देणे हे त्या अधिकाऱ्याचेच काम आहे. पोलिसांनीसुद्धा तक्रार घेताना या हक्काची माहिती बाईला द्यायची असते. मला ती पोलिस ठाण्यात कोणी दिली नाही, पण कायद्यात आहे.

सीमेवरचा

विषयाला जोडूनच विचारतो. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर विजयपूरला आहे आणि ती वर्षभरापासून सोलापुरात आमच्याकडे आहे. नवऱ्याने तिकडे कर्नाटकात घटस्फोटाचा अर्ज केला आहे. सोलापूरचे प्राधिकरण तिला तिकडे वकील देऊ शकेल का?

काळा कोट

सोलापूरच्या प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील तिकडे जाणार नाहीत, पण तुमच्या बहिणीची पात्रता सीमेवर संपत नाही, कारण १९८७ चा कायदा केंद्राचा आहे. विजयपूरच्या जिल्हा प्राधिकरणाकडे ती थेट अर्ज करू शकते, किंवा इथे अर्ज देऊन तो तिकडे पाठवण्याची विनंती करू शकते. दुसरी वाट म्हणजे प्रकरणच सोलापूरला आणणे. प्रकरण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तिथे सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती मोफत वकील देते. पाच लाखांची मर्यादा तिथेही स्त्रियांना लागू नाही. दिल्लीचे नाव ऐकून लोक दचकतात, म्हणून सांगतो की, कागद इथल्या कार्यालयातून पाठवता येतात आणि अशा अर्जासाठी बहिणीला सहसा दिल्लीला जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातून, म्हणजे समजा लातूर-पुण्याहून प्रकरण आणायचे असेल तर कलम २४ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. तिथेही स्वतंत्र विधी सेवा समिती आहे.

आणि तिला स्वतःलाच घटस्फोट किंवा नांदण्याचा दावा करायचा असेल तर २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात तो करता येतो. लोक विनाकारण सासरच्या गावच्या खेपा घालतात.

पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी, मामी आणि बहीण कार्यालयात जाऊन आलो. घडले ते लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

खिडकीवर बसलेल्या ताईंनी पहिला प्रश्न उत्पन्नाचाच विचारला. शिरस्तेदार साहेबांचे वाक्य पाठ होते, त्यामुळे मी म्हणालो, ‘कलम बारा, खंड ग, स्त्री.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या की छापील नमुन्यात रकाना आहे म्हणून विचारावे लागते, रिकामा ठेवला तरी चालेल. आम्ही रिकामा ठेवला नाही. विडीच्या मजुरीचा अंदाज लिहिला, कारण लपवण्यासारखे काही नाही. मुलीचे नावही घातले. भाषेविषयी विचारले तेव्हा त्यांनी पॅनेलची यादी पाहिली. यादीत तेलुगू बोलणारे दोन वकील आहेत. तसे अर्जावर लिहून द्या, असे त्यांनी सुचवले. पोचपावती मिळाली.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते आहे. बाहेर पडताना बहिणीला बाकावर तिचा नवरा बसलेला दिसला. तो माग कामगार म्हणून त्याच कार्यालयात मोफत वकिलासाठी आला होता. (ताणाबाणा, तुम्ही नव्हतात ना? नसाल अशी आशा आहे.) एकच कार्यालय दोघांनाही वकील देणार असेल तर आमच्या वकिलावर विश्वास ठेवायचा कसा? आणि त्याचा पगार बरा आहे, वर्षाला चार लाखांच्या घरात, असे आम्ही ऐकून आहोत. मग तो पात्र कसा?

ताणाबाणा

मी नव्हतो. माझी पत्नी मराठी आहे आणि विडी घरकुलात नाही, शेळगीत राहते. पण माझाही नवा अर्ज गेल्या सोमवारी स्वीकारला गेला. ईएसआय कार्ड जोडले होते. शिरस्तेदार साहेबांचे आभार मानायचे राहिले होते.

काळा कोट

पूर्वभागकर, दोन्ही बाजूंना प्राधिकरणाचे वकील असणे यात गैर काही नाही, आणि ते दुर्मीळही नाही. दोघेही स्वतंत्रपणे पात्र असतील तर दोघांनाही वेगवेगळे वकील दिले जातात. प्राधिकरण फी देते, खटला कसा लढावा हे ठरवत नाही, आणि पक्षकाराची गुपिते राखण्याचे बंधन त्या वकिलांवर आमच्याइतकेच आहे. एकाच वकिलाचे नाव दोन्ही पत्रांत आले तर मात्र त्याच दिवशी सचिवांकडे जावे. ते नजरचुकीने होऊ शकते.

पगाराविषयी. तो कामगार म्हणून पात्र ठरला असेल तर तिथे उत्पन्न विचारलेच जात नाही, तेव्हा तुम्ही त्यावर हरकत घेऊन काही साधणार नाही. तो उत्पन्नाच्या खंडातून आला असेल आणि त्याने तीन लाखांच्या आत असल्याचे शपथेवर लिहिले असेल, तर गोष्ट वेगळी आहे. कारण पोटगीच्या अर्जात दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते देशभर बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असेही त्याच निकालात सांगितले. म्हणजे त्या माणसाला एक आकडा प्राधिकरणापुढे आणि दुसरा न्यायालयापुढे शपथेवर सांगता येणार नाही. खोट्या माहितीवर मिळवलेली मदत काढून घेता येते. तुमच्या वकिलांना एवढेच करायला सांगा: त्याच्या प्रतिज्ञापत्रासोबत बँकेचे उतारे आणि पगाराच्या पावत्या मागणारा अर्ज द्यायचा. बहिणीच्या प्रतिज्ञापत्रात विडीची मजुरी लिहायची, मामीच्या कार्डावर असली तरी. समोरचा वकील उलटतपासणीत तिथूनच सुरुवात करतो.

माजी शिरस्तेदार

एक पुरवणी. पहिल्याच काही तारखांत तडजोडीसाठी समुपदेशकांकडे किंवा मध्यस्थीला पाठवतील, कारण तडजोडीचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे कर्तव्यच आहे. जावे, बोलावे, मनात असेल तर मान्यही करावे. परंतु पोटगीची रक्कम लोकअदालतीत ठरणार असेल तर सही करण्यापूर्वी मजकूर तेलुगूत समजावून घ्यावा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तसेच संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय कायद्याखालीही अपील नाही. वाद लढून निकाल लागला तर मात्र ठरलेल्या मुदतीत उच्च न्यायालयात अपील करता येते. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची अपिले कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली. तिथेही मोफत वकील मागता येतो; तोच खंड, तीच पात्रता.

पूर्वभागकर

आज तारीख होती. नेमणुकीचे पत्र कालच संध्याकाळी मिळाले. वकीलबाई साखर पेठेतल्याच आहेत आणि त्यांच्या घरीही तेलुगूच बोलतात. सकाळी न्यायालयाच्या पायरीवर त्यांनी बहिणीला ‘अम्मा’ म्हणून हाक मारली तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी झाली. परवानगीचा अर्ज आणि वकीलपत्र एकत्रच दाखल झाले. कैफियतीला मुदत मिळाली, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज, बहिणीचा व मुलीचा, आजच दिला. नवऱ्याकडेही प्राधिकरणाचेच वकील होते, दुसरे. दोघांनीही उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रे पुढच्या तारखेपर्यंत द्यावीत असा हुकूम झाला आहे. पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. मामी आज जेवली.